डॉक्टरताईंना विचारा : बाळ रडलं नाही, आता पुढचं कसं कळणार?

डॉक्टरताईंना सप्रेम नमस्कार. माझी लेक पहिल्या बाळंतपणाला नाशिकहून माहेरी आली. दिवस पूर्ण भरले होते. कळा रात्रभर चालल्या, पहाटे बाळाचे ठोके उतरले आणि घाईघाईने सीझर केलं. मुलगा झाला, पण रडला नाही. पिशवी दाबून श्वास द्यावा लागला. कार्डावर ‘एपगार ३, ५, ७’ आणि ‘एचआयई स्टेज २’ असं लिहिलं आहे. पहिल्याच रात्री झटके आले. बारा दिवस अतिदक्षता विभागात होता. पाच दिवस नाकातल्या नळीने दूध, सहाव्या दिवशी अंगावर ओढू लागला. त्याच दिवशी एमआरआय झाला, त्यात मोठा दोष नाही म्हणाले. परवा सव्वामहिना पूर्ण होईल. मागच्या आठवड्यात दाखवायला नेलं, तर डॉक्टरांनी दोन्ही हात धरून त्याला उठवल्यासारखं केलं, डोकं एकदम खाली सोडलं, पाय उघडमीट केले, एक लाल गोळा डोळ्यांपुढून फिरवला आणि ‘टोन किंचित कमी, तीन महिन्यांना आणा’ एवढंच लिहिलं. त्यातून त्यांना काय कळलं ते आम्हाला कळलं नाही. विहीणबाई रोज संध्याकाळी फोनवर विचारतात, ‘सगळं नॉर्मल आहे असं लिहून घेतलंत का?’ पुण्याचे एक नातेवाईक म्हणतात, अशा बाळांना थंड करायचा उपचार असतो, तो तुम्ही चुकवलात. आणि मालिशवाली मावशी म्हणते, पायाला धरून उलटं झुलवलं की ढिलेपणा जातो. आम्ही कुणाचं ऐकायचं?
— एक आजी, लोकमान्य नगर, इंदूर (नाव छापू नये)

ताई, मावशीचं उत्तर पहिल्यांदा देते, कारण त्याला वेळ लावून चालणार नाही. उलटं झुलवणं आजच बंद करा. तेल लावून हलक्या हाताने मालिश खुशाल करू द्या, त्याने बाळाला बरं वाटतं. पण झुलवणं नाही, हातपाय खेचणं नाही, नाकाकानात तेल नाही. मेंदूकडून येणारा ढिलेपणा पाय ओढून जात असता तर मी ३४ वर्षं दवाखाना कशाला चालवला असता?

आता तुमच्या कार्डाकडे येऊ. त्यावरचे ३, ५, ७ हे आकडे पाहून घरोघरी लोक शाळेच्या मार्कांसारखे घाबरतात. व्हर्जिनिया एपगार या न्यूयॉर्कच्या भूलतज्ज्ञ बाईंनी १९५२ मध्ये ही पद्धत बसवली. बाळाचा रंग, हृदयाचे ठोके, डिवचल्यावर होणारी हालचाल, स्नायूंचा ताण आणि श्वास, या पाचांना प्रत्येकी शून्य ते दोन गुण. पहिल्या मिनिटाला, पाचव्या मिनिटाला आणि गरज पडली तर दहाव्यालाही. या घडीला कुठल्या बाळाकडे आधी धावायचं, एवढंच त्यांना त्यातून हवं होतं. मूल पुढे शाळेत कसं निघेल हे त्या आकड्यांना विचारलेलंच नाही. तुमच्या नातवाचे आकडे चढत गेले, म्हणजे दिलेल्या श्वासाला त्याने साथ दिली. याहून जास्त अर्थ त्यातून काढू नका.

‘स्टेज २’ला मात्र वजन आहे. एचआयई म्हणजे प्राणवायू आणि रक्त कमी पडल्याने मेंदूचं काम बिघडणं. त्याच्या पायऱ्या सार्नाट नावाच्या डॉक्टर नवरा-बायकोने १९७६ मध्ये मांडल्या आणि आमच्या पिढीने त्या पाठ केल्या. पहिल्या पायरीवरचं बाळ टक्क जागं असतं, जरा खुट्ट झालं की दचकतं, हातपाय थरथरतात. बहुधा दिवसभरात निवळतं. दुसऱ्या पायरीवरचं बाळ सुस्त. आमच्याकडच्या सिस्टर ‘मॅडम, बच्चा लूज है’ म्हणायच्या आणि तो शब्द कुठल्याही पुस्तकापेक्षा अचूक असायचा. चोखणं मंद, बाहुल्या बारीक, झटके येण्याची शक्यता मोठी. तिसऱ्या पायरीवर बाळ हाकेला, चिमट्याला कशालाच उत्तर देत नाही, चोखत नाही, श्वासालाही यंत्र लागतं.

त्या दोघांनी आणखी एक गोष्ट टिपली होती आणि मला पायऱ्यांपेक्षा तीच जास्त उपयोगी पडली. बाळ त्या पायरीवर किती दिवस राहिलं? तिसऱ्या पायरीला न गेलेली आणि दुसरीची लक्षणं पाच दिवसांच्या आत निवळलेली बाळं पुढे चांगली निघाली. ज्यांची लक्षणं सात दिवसांच्या पुढे रेंगाळली त्यांना त्रास राहिला. तुमचा नातू सहाव्या दिवशी ओढू लागला. म्हणजे तो उंबरठ्यावर आहे, आणि उंबरठ्यावरच्या बाळाला पुन्हा पुन्हा पाहावं लागतं. त्यातून झटके थांबवायला त्याला बहुतेक फेनोबार्बिटोन दिलं असणार. ते नवजात बाळाच्या अंगातून उतरायला कित्येक दिवस घेतं आणि तोवर बाळ पेंगुळलेलं, सैल राहतं. त्या सुस्तीत मेंदूचा वाटा किती आणि औषधाचा किती, हे तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुणालाही छातीठोक सांगता येत नाही.

मी मात्र एकदा सांगितलं होतं. नोकरीची सुरुवातीची वर्षं, रात्रपाळी, दोन दिवसांचं असंच एक बाळ. हात उचलून सोडला की ओल्या फडक्यासारखा खाली पडायचा. बाप दाराशी उभा होता, त्याला मी म्हटलं, ‘फार आशा ठेवू नका.’ त्याला झटक्याच्या औषधाचे किती डोस गेलेत ते मी पाहिलंच नव्हतं. बाळ नवव्या दिवशी घरी गेलं. पाच-सहा वर्षांनी खजराण्याच्या गणपतीला रांगेत एका बाईने मला ओळखलं. शेजारचा मुलगा रेलिंगच्या दांड्यावर चढून लोंबकळत होता. ‘हाच तो,’ ती म्हणाली. मी हसले, ती हसली नाही. ‘तुमच्या त्या एका वाक्यापायी आम्ही याचं बारसं केलं नाही. पाळणाही आणला नाही. वर्षभर याला नुसतं ‘बाळ’ म्हणत होतो.’ मी काहीतरी पुटपुटले आणि रांग पुढे सरकली. विहीणबाईंना हवं आहे तसं ‘नॉर्मल’ लिहून द्यायला माझा हात का उठत नाही, ते आता तुम्हाला कळलं असेल. उलट बाजूनेही तीच चूक होते.

तुमच्या डॉक्टरांनी त्या पाच-सात मिनिटांत काय पाहिलं, ते आता सांगते. ही तपासणी दोन दुधांच्या मधल्या वेळेत करायची असते. पोट गच्च भरलेलं बाळ झोपतं, भुकेलं रडतं आणि दोन्हीत मेंदूचा पत्ता लागत नाही. मी आधी हात धुऊन चोळून गरम करायचे आणि मग काही न करता नुसती बघत बसायचे. पालकांना वाटायचं, बाई दमल्या. पण न शिवता जे दिसतं ते फार मोलाचं. हातपाय दोन्ही बाजूंनी सारखे हलतात का, हालचालीत वळणं आहेत का की लाकडी बाहुलीसारखी एकसुरी आहे, पाय बेडकासारखे फाकून गादीला चिकटलेत का.

हात धरून उठवतात तेव्हा मानेकडे पाहायचं असतं. सव्वा महिन्याच्या बाळाचं डोकं मागे पडतंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण पडता पडता मान थोडी झगडते का? कोपर जरासं आवळतं का? बसतं केल्यावर डोकं क्षणभर मध्यावर ठरून मग पुढे झुकतं का? तो क्षणभराचा झगडा दिसला की मला हायसं वाटायचं. डोकं खाली सोडलं असं तुम्ही लिहिलंत, ते खरं तर तळहातावर चार बोटं खाली आणून लगेच झेललेलं असतं. त्यावर बाळाने दोन्ही हात पसरून मग कवेत घेतल्यासारखे जवळ आणायचे असतात. याला मोरो म्हणतात. एकच हात उघडला तर मेंदूपेक्षा आधी खांद्याच्या शिरा आणि गळपट्टीचं हाड तपासायचं. आणि हाच मोरो सहा महिन्यांनंतरही तसाच राहिला तर तेही वाईट. लहानपणीच्या काही गोष्टी वेळेवर यायला हव्यात, तशा काही वेळेवर जायलाही हव्यात.

मग चोखणं. धुतलेली करंगळी टाळूला लावली की निरोगी बाळ जिभेची पन्हळ करून बोट आत ओढतं. एक ताल असतो त्याला, ओढ, ओढ, ओढ, थांब. ताल तुटका असेल, किंवा जीभ बोट बाहेर ढकलत असेल, तर मी बाकी सगळं सोडून आईला विचारायचे, दूध प्यायला किती वेळ लागतो? ठसका लागतो का? पाऊण-पाऊण तास लागत असेल तर पुढच्या वेळी डॉक्टरांना ते आपण होऊन सांगा, ते विचारायचे राहू शकतात.

लाल गोळ्याचं ऐकून मला माझा आठवला. माझ्या आईने स्वेटरच्या उरलेल्या लोकरीचा करून दिला होता, लिंबाएवढा. वीतभर अंतरावर धरून सावकाश डावीकडून उजवीकडे न्यायचा. नजर त्याला चिकटते का, त्याच्यामागे जाते का? हे आधी डोळ्यांचं काम आहे, पण त्याहून जास्त डोळ्यांमागच्या मेंदूचं. आता रंगीत खुळखुळे आलेत, पण खुळखुळा वाजतो आणि मग बाळ पाहून वळलं की ऐकून, तेच कळत नाही. कानांसाठी वेगळी तपासणी आहे, बेरा. अतिदक्षतेतून आलेल्या बाळाची ती तीन महिन्यांच्या आत झालीच पाहिजे. तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही. झाली नसेल तर या आठवड्यात विचारा.

पाय उघडमीट करून मांड्या आणि गुडघे किती सैल आहेत ते पाहतात. ‘टोन किंचित कमी’ म्हणजे एवढंच. पण यात एक मेख आहे. आज सैल असलेलं बाळ पुढच्या काही महिन्यांत मोकळं सुटू शकतं, किंवा उलट कडक होत जाऊ शकतं, पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढू शकतात. आजच्या सैलपणावरून ते ओळखता येत नाही. म्हणून ‘तीन महिन्यांना आणा’. ते वाक्य त्या कागदावरचं सगळ्यात कामाचं आहे.

एमआरआय चांगला आला याचा आनंद माना, मनापासून माना. या दुखापतीच्या खुणा चौथ्या ते सातव्या दिवसांच्या सुमारास चांगल्या दिसतात, म्हणजे तुमचा योग्य वेळी झाला. पण चित्र मेंदूची रचना दाखवतं, काम नाही. चांगलं चित्र असूनही शिकण्यात किंवा बोलण्यात मागे राहिलेली काही मुलं मी पाहिली आहेत.

तीन महिन्यांना दोन गोष्टी होऊ शकतात. एक, हॅमरस्मिथची तपासणी. लंडनमध्ये ड्युबोवित्झ दांपत्याच्या कामातून आलेली. २६ मुद्दे, प्रत्येकाला तीनपर्यंत गुण, एकूण ७८. तीन महिन्यांना ५७च्या खाली आले तर सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे मेंदूच्या दुखापतीमुळे हालचालींत राहणाऱ्या अपंगत्वाची, दाट शंका घेऊन व्यायाम लगेच सुरू करतात. दुसरी गोष्ट तुम्ही घरी करू शकता आणि तीच मला जास्त आवडते. प्रेख्टल नावाच्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं तान्ह्या बाळांच्या हालचालींकडे नुसतं पाहिलं. त्यांना दिसलं की जन्मानंतर नवव्या ते विसाव्या आठवड्यांत निरोगी बाळाच्या मानेत, मनगटात, घोट्यात सतत बारीक बारीक चुळबुळ चालू असते, सगळ्या दिशांनी. ती चुळबुळ दिसणं हे फार शुभ चिन्ह. ती अजिबात नसणं ही मोठी धोक्याची सूचना. जावईबापूंना काम द्या. बारा ते चौदा आठवड्यांचा झाला की बाळाला उताणं ठेवायचं, हातपाय उघडे, जागं आणि शांत, हातात खेळणं नाही, तोंडात चोखणी नाही. कुणी बोलायचं नाही, आजीनेसुद्धा. पाच मिनिटांचा व्हिडिओ घेऊन ही पद्धत शिकलेल्या बालरोगतज्ज्ञाला किंवा थेरपिस्टला दाखवायचा.

घरात आणखी काय बघाल? शिंप्याची टेप घ्या. भुवयांच्या वरून, मागच्या सगळ्यात फुगीर भागावरून डोक्याचा घेर तीनदा मोजा, मोठा आकडा लिहा. पहिल्या तीन महिन्यांत तो दर महिन्याला साधारण दोन सेंटिमीटरने वाढतो. वाढ थांबली तर वाट पाहू नका. दोन महिन्यांपर्यंत तुमच्याकडे बघून हसायला हवा, चार महिन्यांपर्यंत मान धरायला हवी. तीन महिन्यांनंतरही अंगठा आत घेतलेली घट्ट मूठ सुटत नसेल तर दाखवा. आणि वर्षाच्या आत तो एकाच हाताने सगळं घेऊ लागला तर घरातले सगळे कौतुकाने ‘डावखुरा आहे हो’ म्हणतील, तेव्हा तुम्ही एकट्या मात्र दुसऱ्या हाताकडे बघा. व्यायामाची गरज निघालीच तर सरकारी जिल्हा रुग्णालयांशी जोडलेली ‘जिला शीघ्र हस्तक्षेप केंद्र’ आहेत, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून. तिथे फुकट होतं. लाजू नका.

राहिले पुण्याचे नातेवाईक. त्यांचं अर्धं खरं आहे. प्राणवायू तुटल्यावर मेंदूतली पहिली पडझड होते, मग काही तास वरवर शांतता असते आणि आत निखारा धुमसत राहून दुसरी पडझड होते. त्या मधल्या सहा तासांच्या आत बाळाचं तापमान ३३.५ अंशांपर्यंत उतरवून ७२ तास ठेवायचं, असा तो उपचार. श्रीमंत देशांत त्याने मृत्यू आणि अपंगत्व कमी झालं. पण भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ४०८ बाळांवर ‘हेलिक्स’ नावाचा अभ्यास झाला, २०२१ मध्ये त्याचे निकाल आले. थंड केलेल्या गटात ४२ टक्के बाळं दगावली, न केलेल्या गटात ३१ टक्के. त्यानंतर आपल्याकडे हा उपचार कुणाला द्यावा यावर डॉक्टरांचंच एकमत उरलेलं नाही. तेव्हा काहीतरी चुकवलंत हे डोक्यातून काढून टाका, आणि लेकीच्या डोक्यातून तर आधी काढा. सव्वा महिन्याची बाळंतीण आहे ती. संध्याकाळचा फोन आठवडाभर तुम्हीच घ्या.

सव्वामहिना झाला की घरचे रीतीप्रमाणे देवळात नेतीलच. नाव ठेवलंय ना? नसेल ठेवलं तर आधी बारसं करा.

*

आमची मुलगी २० दिवसांची आहे. जन्मताच रडली, वजन चांगलं, दूध पिते. पण झोपेत हातपाय उडतात आणि कपडे बदलताना हनुवटी व हात थरथरतात. हे झटके तर नसतील? बायको रात्रभर तिच्याकडे बघत बसते.
— एक बाबा, सुदामा नगर, इंदूर

बहुधा नाहीत. थरथरणारा हात तुमच्या मुठीत हलकेच धरा आणि दुमडा. थरथर थांबली तर ती साधी थरथर; झटका हात धरून थांबत नाही. झोपेत हातपाय उडत असतील तर तिला जागं करा, जाग येताच उडणं थांबायला हवं. खरे झटके या वयात कधी कधी फार चोरपावलांनी येतात. नजर एका बाजूला खिळते, ओठ चपचप वाजतात, पाय सायकल मारल्यासारखे फिरतात, श्वास थांबून रंग काळानिळा पडतो. यातलं काही दिसलं, किंवा दूध प्यायचं कमी झालं, तर रात्र असो की दिवस, उचलून दवाखान्यात. तसं काही नसेल तर एकदा व्हिडिओ काढून तुमच्या डॉक्टरांना दाखवा म्हणजे बायकोला झोप लागेल. दिवा लावून, दुपटं बाजूला करून आणि फोन स्थिर धरून काढा. गेल्या महिन्यात एकाने मला पाठवलेल्या तीन मिनिटांत बाळ दहा सेकंद होतं, बाकी सगळा पंखा.